एक मोबाईल, चाळीस कार्डे

आमच्या वस्तीतील एक मुलगी सध्या बी.एड. करीत आहे. शाळेतील सरावासाठी तिला सहावीचा गणिताचा वर्ग मिळाला. परवा तिने आम्हांस जे सांगितले, ते आमच्या माता-पित्यांच्या कानी घालावे असे वाटले.

अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ झाल्यावर तिने गूगल फॉर्मवर पाच प्रश्नांची चाचणी तयार केली व पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. वर्गात मुले ४०, उत्तरे आली ११. दुसऱ्या दिवशी तिने बाकीच्यांना उभे केले. अभ्यास का केला नाही? सगळ्यांच्या माना खाली. शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमचा फोन पप्पांबरोबर ड्युटीवर जातो. ते येतात तेव्हा मी झोपलेली असते."

एवढे सांगून ती गप्प झाली. २०२० च्या टाळेबंदीत ती अकरावीला होती. घरात एकच फोन, त्यावर ती आणि तिचा भाऊ आळीपाळीने तास ऐकत. आणि आज तिनेच त्या लेकरांना उभे केले होते!

मग तिच्या प्राध्यापिकेने तिला 'प्लिकर्स' दाखविले. यात फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. मुलांना कागदावर छापलेले एकेक कार्ड द्यायचे. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपल्या उत्तराची बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचे. बाईंनी वर्गावरून फोनचा कॅमेरा फिरविला की कोणाचे उत्तर काय, ते फोनवर दिसते. प्रत्येक कार्डावरील नक्षी वेगळी, अक्षरे बारीक. त्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही.

तिने विचारले, १/२ + १/४ किती? २२ मुलांचे उत्तर, २/६! वरच्यात वरचे, खालच्यात खालचे मिळवून मोकळी. आदल्या दिवशी पुढच्या बाकावरची चार मुले हात वर करीत होती, म्हणून तिला वाटले होते की वर्गाला समजले.

तिने फोन बाजूला ठेवला. कागदाची भाकरी कापली. अर्ध्या भाकरीचे दोन चतकोर केले, त्यात तिसरा चतकोर ठेवला. तीन चतकोर, म्हणजे ३/४. पुन्हा कार्डे वर झाली तेव्हा चुकणारी पाचच उरली. त्यांना तिने मधल्या सुट्टीत जवळ बसविले.

नवी साधने वाईट नाहीत. चूक कोठे आहे ते यंत्र लवकर दाखविते. ती दुरुस्त शिक्षकालाच करावी लागते. आपल्या घरातील जी मुले-मुली उद्या शिक्षक होणार, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. आणि पालकांनी सभेत लाज न बाळगता विचारावे, "फोनवरचा अभ्यास देता, पण ज्याच्या घरी फोन नाही त्याने तो कसा करायचा?" आपण विचारले नाही, तर आपले लेकरू विनाकारण उभे राहील.