आजी, जरा उतरतेस का?

‘लो केलेली गाडी कसली भारी दिसते ना!’ कॅन्टीनमध्ये आमच्या मेकॅनिकलच्या टेबलावर हे वाक्य रोज एकदा तरी ऐकू येतं. खोटं कशाला बोलू, मी स्वतःही ते बोललेय. टायर आणि फेंडर यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा दिसली की आमच्यासारख्यांना चैन पडत नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी!)

विषय निघाला माझ्या चुलतभावामुळे. दादाने गेल्या वर्षी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेतली. 1.5 लिटरचं टर्बो इंजिन, 150 पीएस, आणि अर्थातच बँकेचे हप्ते. घोडपदेवहून ऐरोलीच्या ऑफिसला रोज हीच गाडी. आजीला मणक्याच्या तपासणीसाठी परळला केईएममध्ये न्यायचं, तरी हीच. गणपतीत सगळं बिऱ्हाड घेऊन चिपळूणला जायचं, तेव्हाही हीच. आता दादाला तिच्यात लोअरिंग स्प्रिंग टाकायच्या होत्या. पर्याय दोन : एक सेट गाडी 40 मिलिमीटर खाली आणणारा, दुसरा 20. ‘तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, कुठला घेऊ?’

मित्रांनो, तीन वर्षांत मला इतका अवघड व्हायवा कोणी घेतला नव्हता! मी टेप आणि वही घेऊन खाली गेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. पेव्हर ब्लॉक आणि डांबर थापून केलेला, जेमतेम हातभर रुंद. उंची भरली 130 मिलिमीटर. आता इंडियन रोड्स काँग्रेसचं 1988 चं मानक काय म्हणतं बघा. गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा गोलाकार असावा, म्हणजे गाडी ताशी 25 किलोमीटरने आरामात जाईल. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2651 मिलिमीटर. म्हणजे अशा रुंद गतिरोधकावर चारही चाकं एकदम चढलेली असतात आणि मधला उंचवटा पोटाखाली फक्त 52 मिलिमीटर वर येतो. भूमितीचं साधं गणित आहे, करून बघा. पण आमचा हातभर रुंदीचा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो. तिथे पोटाखाली यायचे ते सगळेच्या सगळे 130!

व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला 179 मिलिमीटर. घरातली पाच माणसं आणि चिपळूणच्या बॅगा भरून मोजलं तर गाडी साधारण 35 ने बसली. उरले 144. म्हणजे मूळ स्प्रिंगवर आपण 14 मिलिमीटरने सुटतो. 40 चा सेट टाकला तर? स्प्रिंग पाव पटीने कडक आहे असं धरलं तर गाडी ओझ्याने 28 च बसेल. तरी 179 वजा 40 वजा 28, उरले 111. गाडी घासणार म्हणजे घासणारच. आणि 20 च्या सेटवर? उरतात 131. म्हणजे फक्त एक मिलिमीटर! त्यात ब्रेक मारला, गाडी किंचित हलली, की संपलं.

आता तुम्ही म्हणाल, घासली तर घासली, हळू काढायची. पण प्रश्न फक्त पोटाचा नाही. गाडी खाली आली की चाकाला वर जायला मिळणारी जागा तेवढीच कमी होते. ती संपली की गाडी रबरी बंप स्टॉपवर आदळते, आणि तो धक्का थेट सीटमध्ये, म्हणजे आजीच्या मणक्यात. रे रोड-दारूखान्याच्या बाजूला लोखंड भरलेले ट्रेलर दिवसरात्र जातात. तिथला रस्ता कधी पाहिलाय?

दुसरं म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर. तो मूळ स्प्रिंगच्या मापाने बनवलेला असतो. स्प्रिंग 25 टक्के कडक केली आणि शॉक तोच ठेवला, तर डॅम्पिंग रेशो सुमारे 11 टक्क्यांनी घसरतो. उसळीवर पूर्वीइतका ताबा राहत नाही. स्कोडा आपली ऑक्टाव्हिया आरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षा जेमतेम 15 मिलिमीटर खाली आणते, आणि तेवढ्यासाठी स्प्रिंग-शॉक दोन्ही वेगळे देते. आपण मात्र फक्त स्प्रिंग बदलून मोकळे! मूळ स्प्रिंगचे वेटोळे कापून किंवा गॅसने तापवून बसवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. कापलेलं टोक सीटमध्ये नीट बसत नाही, आणि तापवलं की स्टीलचं टेम्परिंग जातं. मटेरियल सायन्स शिकून हे करणाऱ्याने डिग्री परत करावी.

‘पण वळणावर गाडी चिकटून जाते ना!’ हा दादाचा हुकमी एक्का. खरं आहे, गुरुत्वमध्य खाली आला की एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला जाणारा भार कमी होतो. पण किती? गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटरवर धरला तर 20 मिलिमीटरने चार टक्केसुद्धा नाही. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत रोल सेंटर त्याहून जास्त खाली जातं, म्हणजे बॉडी झुकवणारी तरफ उलट लांबते. तेवढ्याच पैशात चांगले टायर घेतले तर वळणावर आणि ब्रेकिंगमध्ये फरक कळतो, पावसाळ्यात तर नक्कीच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. स्प्रिंग त्यात बसते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरशी घालायची हौस कोणाला आहे?

माझं मत एवढंच, रोजच्या गाडीची स्प्रिंग आपल्या आवडत्या वळणासाठी निवडायची नसते. ती रोजच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट गतिरोधकासाठी आणि वर्षातल्या सगळ्यात जड ओझ्यासाठी निवडायची असते. वीकेंडची वेगळी गाडी असेल तर खुशाल लो करा, सोबत जुळणारे शॉक घाला. एकच गाडी असेल तर टायर घ्या, अलाइनमेंट करा आणि गप्प बसा.

वही पाहून दादा वैतागला. ‘अगं, एक मिलिमीटर तरी सुटतेय ना!’

मी म्हटलं, ‘हो, आणि सुटली नाही की गल्लीच्या तोंडाशी थांबून तू म्हणायचंस, आजी, जरा उतरतेस का?’

आजी दारातच उभी होती. म्हणाली, ‘बाबा, मी उतरेन रे. पुन्हा चढवणार कोण?’

स्प्रिंगचे पैसे दादाने टायरसाठी बाजूला ठेवलेत. फेंडरमधली चार बोटं अजून तशीच आहेत. मला अजूनही ती खटकतात, पण आता मी ती आजीच्या नावावर लिहून टाकली आहेत.