टॉवेल-टोपीची प्रदक्षिणा

गेल्या वैशाखात एका लग्नात माझा सत्कार झाला. मांडवाच्या कापडाखाली माणसं भाजून निघत होती, लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मामांचा शोध चालू होता, आणि कुणीतरी माझ्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवून, खांद्यावर टॉवेल टाकून, हातात नारळ दिला. टोपी डोक्यावर बसली नाही, नुसती टेकली. आजवर आहेरातली टोपी कुणाच्या डोक्यावर बसल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुढच्या लग्नापर्यंत ती जरा टेकायला येते एवढंच.

घरी आल्यावर आमच्या हिने टॉवेल उलगडला, एक कोपरा चाचपला आणि आनंदाने ओरडली, "आला!"

"कोण आला?"

"आपला टॉवेल!"

तेव्हा उलगडा झाला. पक्षीशास्त्रज्ञ पाखरांच्या पायात कडी अडकवून सोडून देतात आणि मग ती कुठे-कुठे जाऊन आली ते बघतात, तसा प्रयोग ही गेली काही वर्षं करत होती. घरातून आहेरात जाणाऱ्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला आतून लाल दोऱ्याची बारीक गाठ. हा टॉवेल दोन वर्षांपूर्वी आम्हीच पाचोडच्या एका साखरपुड्यात उडवला होता. तो आता अंबडच्या पाहुण्यांमार्फत सुखरूप परत आला होता. मधल्या काळात त्याने कुणाचं अंग पुसल्याची खूण नव्हती. घडीसुद्धा आमचीच होती.

आमचं वडीगोद्री अशा दळणवळणाला फार सोयीचं आहे. धुळे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो, जालना-अंबडचा रस्ता इथेच येऊन त्याला मिळतो, आणि थोडं पुढे शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. चारी दिशांची लग्नं आम्हाला हाकेच्या अंतरावर. चारी दिशांचे टॉवेलही.

तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. आपण भेटी देत नाही, पुढे ढकलतो. ज्याला द्यायचं त्याला काय हवं, हे विचारायची आपल्याला लाज वाटते; आणि त्याला नको ते द्यायची मात्र अजिबात वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : "अहो, वस्तूला काय बघता? भावना बघा!" बघितली. नवऱ्या मुलाला एका दिवसात सात भिंतीवरची घड्याळं मिळतात, तेव्हा सात माणसांची एकच भावना असते : दुकान बंद व्हायच्या आत काहीतरी उचलावं. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून निघालं ते असं, की देणाऱ्याच्या खिशातून गेलेल्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग हवेत विरतो. तिकडे टॉवेल-टोपी नाही म्हणून तृतीयांशावर भागलं.

दुसरा आक्षेप : "मागून घेणं बरं दिसत नाही." हे आपण म्हणावं? 'यादी पे शादी' हा शब्द ज्या मराठवाड्यात घरोघर चालतो, तिथे? बैठकीत दोन्हीकडची शहाणी माणसं बसतात, पान-सुपारी होते, आणि कुणाला किती कपडे, किती भांडी, वरातीला काय, हे कागदावर एक-दोन-तीन करून उतरतं. खाली सह्या. त्या कागदाला आपण कधी लाजलो नाही. आणि सरकारही यादीच्या विरोधात नाही. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये खास नियम झाले. वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची : वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. हे नियम पाळणारं घर मला अजून भेटायचं आहे. पाळले तर गंमत येईल. वस्तू : टॉवेल. वर्णन : पारदर्शक. किंमत : देणाऱ्यालाही ठाऊक नाही, कारण त्यालाही तो मिळालेलाच.

शिवाय मागण्याची आम्हाला सवय नाही असंही नाही. २०२३ मध्ये जवळच्या अंतरवाली सराटीत उपोषण झालं, २०२४ च्या जूनमध्ये आमच्या वडीगोद्रीत झालं. बाजू वेगळ्या, मागण्या वेगळ्या. पण दोन्हीकडच्या मागण्यांच्या याद्या साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या. सरकारपुढे कलमवार यादी ठेवणारा आमचा माणूस घरी दिवाळीला "तुम्हाला काय आणू?" असं विचारलं की अंगठ्याने जमीन उकरतो आणि म्हणतो, "काही नको."

याबाबतीत नाताळवाली पोरं आपल्यापेक्षा सरळ. सांताक्लॉजला पत्र लिहायचं, हवं ते मागायचं, विषय संपला. कॅनडाच्या टपाल खात्याने तर या म्हाताऱ्याला स्वतंत्र पिनकोड दिला आहे. त्यातली अक्षरं आणि शून्यं सलग वाचली की 'हो हो हो' असं त्याचं हसणंच होतं, आणि आलेल्या पत्रांना उत्तरंही जातात. आपल्याकडेही बाप पोराच्या यादीला "हो, हो, हो" असंच म्हणतो. मग क्रिकेटची बॅट मागितलेल्या पोराला दप्तर आणून देतो, आणि वर विचारतो, "आवडलं ना?"

"मग रोख द्या, कटकट मिटली," असं व्यवहारी लोक म्हणतील. तेही आपण करून पाहिलं. पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. बाकीची रक्कम आत आहे असं मानायचं. पण रोख आली की वही येते. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून, अक्षर बरं असलेला एक भाचा बसवलेला असतो. अमुक गाव, अमुक नाव, एकशे एक. ही वही ट्रंकेत तळाशी, सोन्याच्या शेजारी राहते. पुढे त्या अमुकाच्या घरी कार्य निघालं की ती बाहेर काढायची, त्याने काय दिलं ते पाहायचं आणि तेवढंच, किंवा महागाईचा मान ठेवून थोडं जास्त, टाकायचं. मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने १९२५ च्या सुमारास मोठा निबंध लिहून दाखवलं, की देणं, घेणं आणि परत करणं या तिन्ही गोष्टी माणसावर बंधनकारक असतात. आमच्या गावात हे त्या भाच्यालाही ठाऊक आहे. एकशे एक लिहिताना तो देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही.

इथवर हसायचं ते हसून घेतलं. आता जरा अडचणीचं.

"काही नको" हे घरात सगळ्यात जास्त कोण म्हणतं? बायका. आई म्हणते, बायको म्हणते, बहीण म्हणते. आणि आपण तो शब्द इतक्या तत्परतेने खरा मानतो, की दुसऱ्यांदा विचारत नाही. का विचारत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. साडी स्वस्त पडते, हे त्याचं उत्तर आहे.

आमची आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं सासर गोदावरीपलीकडे, गेवराईच्या बाजूला. वडील १९९८ साली गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर तीन नावं लागली : आई, आक्का आणि मी. १९५६ च्या कायद्याने बापामागे लेकीला वारस केलेलंच होतं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला आणि २००५ मध्ये देशाने तो सगळ्याच मुलींना दिला. कायदा असा हळूहळू लेकींच्या दिशेने चालत होता. आम्ही त्याच्यापेक्षा चपळ निघालो. चार महिन्यांत आक्काला बोलावलं, अंबडला नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली, येताना भजी खाल्ली आणि साडी नेसवून तिला एसटीत बसवून दिलं. ती एका शब्दाने बोलली नाही. आम्ही त्याला समजूतदारपणा म्हटलं.

तेव्हापासून दर भाऊबीजेला मी तिला साडी नेतो. २०२४ पर्यंत सव्वीस झाल्या. वहीत लिहिलेल्या आहेत.

२०२५ च्या दिवाळीत, टॉवेलाच्या प्रकरणाने जरा शहाणा झालेला मी, सत्ताविसावी साडी पिशवीत घेऊन गेलो. ओवाळून झाल्यावर विचारलं, "आक्का, खरं सांग, तुला काय पाहिजे?"

"काही नको बघ."

"नाही, यादी सांग. मी लिहून घेतो."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "आज कामून सुचलं रे तुला हे?" मग बराच वेळ निरांजनाची वात सारखी करत बसली. "सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं म्हणतात. मला कुणी दाखवलं नाही. तो कागद बघायचा होता एकदा."

मी यादीची तयारी ठेवली होती. मिक्सर म्हणाली असती, गुडघ्यांचं औषध म्हणाली असती, काशीयात्रा म्हणाली असती तरी आकडा मनात धरून गेलो होतो. हा कागद कोणत्याच दुकानात नव्हता. अंबडला दोन खेपा घालून जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल मिळवली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा शहागडचा पूल ओलांडला.

आक्काने चष्मा लावला. आईच्या नावावर बोट ठेवलं, माझ्या नावावर ठेवलं, मग स्वतःच्या नावावर ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"म्हणजे चार महिने मी बी मालकीण होते की रे."

"होतीस."

"मग तेव्हा सांगायचं ना. एखाद्या दिवशी बांधावर येऊन उभी तरी राहिले असते."

याला उत्तर नसतं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "दिवाळीची साडी नेसलीस का?" तिने ट्रंक उघडून साडी आणली आणि पदराचा कोपरा माझ्यापुढे धरला. "नेसणार होते. पण ही लाल गाठ कसली रे? धागा निघाला का काय?"

वाचकहो, त्या गाठीचा इतिहास मी तिथे सांगितला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण दुसऱ्यांच्या टॉवेलांवर एवढं बोलल्यावर हा घरचा आहेर स्वीकारणं भाग आहे.

उताऱ्याची नक्कल आक्काने देवघरात ठेवली आहे. पुढच्या भाऊबीजेला मी तिला पुन्हा विचारणार आहे. या वेळी ती काय मागेल याची मला धास्ती आहे, हिलाही आहे. बांधाजवळच्या मोसंबीच्या ओळीकडे पाहताना आम्ही दोघं हल्ली फारसं बोलत नाही. पण विचारणार आहे. निदान साडी तरी दुकानातून आणीन, गाठ नसलेली.