विश्लेषण : हलक्या व्यायामाने वजन उतरत नाही, मग तो करायचा कशाला?

रोज अर्धा तास चालायला सुरुवात केली, दोन महिने नेमाने चालले, तरी वजनकाटा जागचा हलला नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग ‘उपयोग काय’ म्हणून चालणेच बंद पडते. दुसरीकडे, जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो. दिवसाला दोन हजार पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. मग हलका व्यायाम फायद्याचा की वेळेचा अपव्यय? यातील विज्ञान नेमके काय आहे, याचा आढावा.

हलका व्यायाम कशाला म्हणतात?

व्यायामाची तीव्रता ‘मेट’ या एककात मोजतात. स्वस्थ बसलेले असताना शरीर जितकी ऊर्जा खर्च करते, ती एक मेट. तीन मेटपर्यंतची हालचाल हलकी, तीन ते सहा मेटची मध्यम आणि त्यापुढची जोरकस मानली जाते. संथ चालणे, केर काढणे, स्वयंपाकघरातील उभ्याची कामे हलक्या प्रकारात येतात. झपाझप चालणे मध्यम प्रकारात, तर धावणे, दोरीवरच्या उड्या जोरकस प्रकारात मोडतात. घड्याळ वा अ‍ॅप नसले तरी फरक ओळखता येतो. चालताना बोलता येते आणि गाणेही म्हणता येते, तर व्यायाम हलका. बोलता येते, पण गाताना दम लागतो, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर जोरकस. प्रौढ व्यक्तीने मिनिटाला साधारण १०० पावले टाकली, तर ती मध्यम व्यायामाच्या उंबरठ्यावर असते.

वजनाचे गणित काय सांगते?

एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी. ७० किलो वजनाची व्यक्ती तीन मेटच्या वेगाने अर्धा तास चालली, तर १०५ कॅलरी खर्च होतात. पण ती बसून राहिली असती तरी त्यातल्या ३५ कॅलरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई ७० कॅलरींची. एका वडापावात आकारानुसार साधारण २५० ते ३०० कॅलरी असतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी, असे धरले जाते. या हिशेबाने महिनाभर रोज चालूनही कागदावर पाव किलोच्या आसपासच वजन उतरते. शरीरातील पाण्याच्या प्रमाणामुळे वजन रोज याहून अधिक वर-खाली होत असते. त्यामुळे दोन महिन्यांत काटा हलला नाही, यात चालणाऱ्याची चूक नाही. अपेक्षाच गणितात बसणारी नव्हती.

कागदावरचे वजनही का उतरत नाही?

शरीर आपला हिशेब पुन्हा जुळवते, हे त्याचे एक कारण. टांझानियातील हाडझा ही जमात आजही शिकार आणि कंदमुळांवर जगते. त्यांची दिवसभराची पायपीट शहरी माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. मात्र हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, त्यांचा एकूण दैनंदिन ऊर्जाखर्च अमेरिका-युरोपातील माणसांइतकाच निघाला. हालचाल वाढली की शरीर इतर कामांतला खर्च आवरते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. किती आवरते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

दुसरे कारण अधिक ओळखीचे आहे. चालून आल्यावर भूक लागते आणि ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून एखादा घास जास्त जातो. हातातील फिटनेस बँडही यावर हमखास उपाय ठरलेला नाही. अमेरिकेत ४७१ जणांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत बँड वापरणाऱ्या गटाचे वजन सरासरी साडेतीन किलोंनी घटले, तर बँडशिवाय आपली नोंद स्वतः ठेवणाऱ्या गटाचे ५.९ किलोंनी.

मग आरोग्याला फायदा होतो, हे कशावरून?

या प्रश्नाची शास्त्रीय सुरुवात लंडनच्या दुमजली बसमधून झाली. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी होता. दोघांची बस एकच, खाते एकच; फरक हालचालीचा. अर्थात, मुळात सडपातळ माणसेच वाहक होत असतील, ही शंका तेव्हाही होती. मॉरिस यांच्या चमूने पुढे गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच अधिक असल्याचे दिसले. निव्वळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांची ही अडचण आजही कायम आहे. ज्यांची प्रकृती चांगली ते जास्त चालतात, की जास्त चालतात म्हणून प्रकृती चांगली राहते, हे त्यातून पूर्णपणे सुटत नाही.

म्हणून गट पाडून केलेल्या चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ जणांना घेऊन अशी चाचणी सुरू झाली. व्यायामाच्या गटाला रोज किमान एक ‘युनिट’ हालचाल वाढवायची होती. संथ चालणे किंवा घराची साफसफाई ३० मिनिटे, अथवा वेगाने चालणे २० मिनिटे, म्हणजे एक युनिट. सहा वर्षांनी या गटात मधुमेह होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी कमी आढळला.

भारतीयांवर असा प्रयोग झाला आहे का?

झाला आहे, आणि वजनाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडते. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांची त्यात विभागणी करण्यात आली. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के जणांना मधुमेह झाला. रोज किमान अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात बदल, असा सल्ला मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. म्हणजे धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच लाभ झाला. विशेष म्हणजे, चालणाऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते. आहारातही बदल असल्याने सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. पण वजन न उतरताही मधुमेह लांबवता येतो, हे या प्रयोगाने भारतीयांबाबत दाखवून दिले. यातील कुणी वजनकाटा पाहून दोन महिन्यांत चालणे सोडले असते, तर तो या फायद्याला मुकला असता.

वजन न घटता फायदा कसा होतो?

चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. रक्तवाहिन्या लवचिक राहतात, रक्तदाब थोडा उतरतो. यातले काहीही काट्यावर दिसत नाही. जेवणानंतरची शतपावली ही जुनी सवय इथे उपयोगी पडते. साठीपुढील, साखर वाढण्याचा धोका असलेल्या व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालण्याचा दिवसभराच्या साखरेवर सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्याइतकाच परिणाम दिसला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात तर जेवणानंतरचे चालणे सरस ठरले. अभ्यास अवघ्या दहा जणांवरचा होता, हे लक्षात ठेवायला हवे. पण नंतरच्या अभ्यासांचा कलही त्याच दिशेने आहे. फक्त शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटे चालावे, एवढाच त्याचा अर्थ.

भारतीयांसाठी वजनकाटा अपुरा का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा ‘बीएमआय’ दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वरून बारीक, पण आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय ठेवण आहे. पोटाच्या आतील चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला अधिक जवळची. त्यामुळे भारतीयांसाठी वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलका ठरतो. पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपुढचा घेर धोक्याचा मानला जातो.

दहा हजार पावलांचा आग्रह कुठून आला?

हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतरच्या वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. आकडा लक्षात राहण्याजोगा असल्याने तो रुजला आणि पुढे मोबाइल अ‍ॅपमध्येही आला. आय-मिन ली यांच्या २०१९ मधील अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या महिलांमध्ये दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका ठळकपणे कमी दिसला. साडेसात हजारांनंतर तो आणखी फारसा घटला नाही. सर्वाधिक फायदा अगदी कमी हालचालीकडून थोड्या हालचालीकडे जाताना होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ‘व्यायाम सलग किमान दहा मिनिटे हवा’ ही अट काढून टाकली. बसथांब्यापर्यंतचे चालणे किंवा स्थानकाचा जिना आता हिशेबात धरला जातो.

हलक्या व्यायामाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा वेळेची. ३६ हजारांहून अधिक लोकांच्या हालचाली यंत्राने मोजलेल्या आठ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूचा धोका जास्तीत जास्त कमी होण्याची पातळी हलक्या हालचालींत दिवसाला सुमारे ३७५ मिनिटांवर, तर मध्यम ते जोरकस व्यायामात २४ मिनिटांवर आढळली. म्हणजे एकीकडे सहा तासांहून अधिक, दुसरीकडे अर्धा तासही नाही. ज्यांच्याकडे वेळ कमी आणि प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी वेग वाढवणेच शहाणपणाचे.

दुसरी मर्यादा ताकदीची. वयानुसार घटणारे स्नायू केवळ संथ चालण्याने टिकत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. त्यासाठी जिमच हवी असे नाही. बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यापासूनही सुरुवात होते.

वजनच कमी करायचे असेल तर?

त्याचा मुख्य मार्ग ताटातून जातो. दिवसाला ३०० कॅलरी चालून खर्च करण्यापेक्षा तेवढ्या न खाणे बहुतेकांना सोपे पडते. पण उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा वाटा मोठा दिसतो. अमेरिकेत तेरा किलोंहून अधिक वजन घटवून ते किमान वर्षभर टिकवणाऱ्यांची १९९४ पासून नोंद ठेवली जाते. त्यातील बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यात चालणे सर्वात जास्त आढळते.

हा प्रश्न केवळ वैयक्तिक का नाही?

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अभ्यासानुसार, भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल २०२२ मध्ये अपुरी होती. २००० मध्ये हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. या मोजणीत नोकरी, प्रवास आणि घरकामातील हालचालही धरली आहे. त्याच वेळी ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक आहेत. अशा लोकसंख्येला जोरकस व्यायामाचा आग्रह धरून फार कमी जण टिकतील. चालता येण्याजोगे पदपथ, दिवे असलेली मैदाने आणि स्त्रियांना संध्याकाळी निर्धास्त फिरता येईल असे रस्ते यांची गरज त्यामुळेच अधिक आहे.

सुरुवात कशी करावी?

आज अ‍ॅपवर तीन हजार पावले दिसत असतील, तर पुढच्या दोन आठवड्यांचे लक्ष्य चार हजार ठेवावे. थेट दहा हजार नव्हे. निम्मे चालणे जेवणांनंतर वाटून घ्यावे. महिनाभरानंतर रोजच्या चालण्यातील दहा मिनिटे बोलता येईल, पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा. आणि तीन महिन्यांनी वजनाबरोबर कमरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातील साखरही मोजावी. व्यायाम लागू पडतो आहे की नाही, हे वजनापेक्षा हेच आकडे आधी सांगतात.