खरखर काढताना गळा कापू नका

माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड संगणकावर उतरवून घेण्याचे काम सध्या अनेक घरांत चालू आहे. निवृत्तीनंतर हाताशी वेळ असतो, यूएसबीने जोडता येणारे प्लेयर बाजारात मिळतात आणि ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर फुकट आहे. हे करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: खरखर फार आहे, ती घालवायची कशी? यात डॉक्टरने कशाला तोंड घालावे, असे कोणी विचारेल. घालावे, कारण हा प्रश्न निम्मा यंत्राचा असला तरी निम्मा कानाचा आहे आणि तो निम्मा भाग नेमका विसरला जातो. पन्नास वर्षांच्या धुळीने केले नसेल तेवढे गाण्याचे नुकसान ‘नॉइज रिडक्शन’चे बटण जोरात दाबल्याने होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईसीजी काढताना आमच्यापुढे हाच पेच रोज येतो. कागदावरची रेषा थरथरते. कधी रुग्ण थंडीने कुडकुडत असतो, कधी घामामुळे इलेक्ट्रोड नीट चिकटलेला नसतो, तर कधी खाटेशेजारी लावलेल्या मोबाइलच्या चार्जरमुळे ५० हर्ट्झची वीज रेषेत डोकावते. यंत्रावर फिल्टरचे बटण असते. ते दाबले की रेषा सुरेख दिसते. पण काही फिल्टर असे आहेत की त्यांनी एसटी या भागाचा आकारच बदलू शकतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान बऱ्याच अंशी त्याच भागावर ठरते. म्हणून चांगला तंत्रज्ञ आधी पांघरूण घालतो, घाम पुसतो, चार्जर काढायला लावतो. फिल्टरचा नंबर त्यानंतर.

रेकॉर्डच्या बाबतीतही हाच क्रम हवा, आणि सुरुवात संगणकाने नव्हे तर पाण्याने करायला हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी वेष्टनातल्या रेकॉर्डवर बुरशी धरते. ती झटकण्याआधी मास्क लावा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे काम त्याच्यापासून दूर, गच्चीवर किंवा बाल्कनीत करा. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, नळाचे नको, कारण त्यातले क्षार वाळून खाचेतच बसतात. त्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल धुवावे, लेबल भिजू देऊ नये आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून घ्यावे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड तबकड्या व्हिनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हात धुवायचे सॅनिटायझर किंवा स्पिरिट त्यांच्या जवळसुद्धा नेऊ नका.

नंतर सुई पाहावी. ७८च्या खाचेला एलपीच्या सुईपेक्षा सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी, म्हणजे जिथे कचरा साठतो तिथेच घासत जाते आणि मग लोक म्हणतात, तबकडी खराब झाली आहे. घूं असा सलग आवाज येत असेल तर तो रेकॉर्डचा नाहीच. तो घरातल्या विजेचा आहे. प्लेयरची अर्थिंगची तार अॅम्प्लिफायरला जोडलेली आहे का ते बघा आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बऱ्याच वेळा घूं तिथेच थांबतो.

आणखी एक युक्ती फारशी कोणी सांगत नाही. ७८च्या तबकड्या आणि पुष्कळशा जुन्या एलपी मोनो आहेत. त्यांतले गाणे सुईला फक्त आडवे हलवते, तर धूळ तिला वर-खालीही उडवते. स्टिरिओ प्लेयरवर वाजवलेल्या अशा रेकॉर्डचे डावे-उजवे चॅनेल संगणकावर एकत्र केले की वर-खाली हालचालीचा आवाज एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो. गाण्याला धक्काही न लावता थोडी खरखर अशी फुकटात जाते.

एवढे झाल्यावर जे उरते त्याकडे सॉफ्टवेअर घेऊन जावे. इथेही ‘खरखर’ या एका शब्दात दोन वेगळे आजार आहेत. ओरखड्यामुळे येणारी टिक्‌टिक् क्षणभराची असते, तर झिजलेल्या पृष्ठभागाचा सूं सलग असतो. टिकेवरचा उपचार सोपा आहे. ऑडॅसिटीतले ‘रिपेअर’ १२८ नमुन्यांपर्यंतचा, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सुमारे तीन हजारांश सेकंदाचा तुकडा आजूबाजूच्या लहरीवरून भरून काढते. मोठ्या टिका एकेक करून अशा काढाव्यात. ‘क्लिक रिमूव्हल’ सगळ्या रेकॉर्डवर एकदम चालवले तर भजनातला टाळ आणि तबल्याच्या किनारीवरचा कडक ‘ना’ यांनाही ते टिक समजू शकते. त्याला संगीत कळत नाही, त्याला फक्त अचानक उंचावलेली लहर कळते.

सूंचे प्रकरण अधिक नाजूक. ‘नॉइज रिडक्शन’ला आधी नुसत्या सूंचा एक तुकडा दाखवावा लागतो. मग ते सगळ्या गाण्यातून तसला आवाज दाबते. हा तुकडा गाणे सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेतूनच घ्या. गवई श्वास घ्यायला थांबला ती जागा घेतलीत तर तिथे तानपुरा चालू असतो आणि सॉफ्टवेअर इमानेइतबारे तानपुराच पुसायला लागते.

पण जागा बरोबर निवडली तरी मूळ अडचण राहतेच. सूं वरच्या कंपनसंख्यांत पसरलेला असतो आणि आपल्या भाषेतले स, श, च, झ हे वर्णही तिथेच असतात. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च आपण लिहितो सारखे, पण ऐकतो वेगळे. हा फरक मुख्यतः या वरच्या घर्षणध्वनीत आहे. सूंबरोबर तो कापला की सूर राहतो, शब्द बोथट होतात. माझ्या ओपीडीत सत्तरीचे आजोबा येऊन सांगतात, “ऐकू येतं हो डॉक्टर, पण काय बोलतात ते समजत नाही.” वयाबरोबर कानाची वरची पट्टी आधी जाते. स्वर ऐकू येतात, व्यंजने हरवतात. अति साफ केलेली रेकॉर्ड ऐकताना तरुण, निरोगी कानाच्या माणसालाही या आजोबांसारखेच ऐकू येते.

उलट सूं राहू दिला तर मेंदू त्याचे बघून घेतो. रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना वाक्य अखंड ऐकू आले आणि खोकला नेमका कुठे होता हे त्यांना सांगता येईना. खोकल्याऐवजी ती जागा शांत ठेवली तेव्हा मात्र खड्डा कळला. गोंगाटाने झाकलेले मेंदू भरून काढतो, कापून टाकलेले त्याला भरता येत नाही. म्हणून सूं थोडा कमी करावा, संपवू नये. खरखरीला मी जुन्या काळाचा सुगंध वगैरे मानत नाही. सगळी खरखर गाण्याला न दुखवता काढता आली असती तर मीच आधी काढली असती.

हे काम बहुधा पन्नाशी-साठीचे लोक करतात, हीही एक गंमतच. या वयात बऱ्याच जणांना बारा-चौदा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. तिथे फिल्टरने काय कापले हे आम्हाला कळणार तरी कसे? घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या नातवंडाला दोन्ही प्रती ऐकवा आणि त्याने तोंड वाकडे केले तर ऐका. हेडफोनचा आवाजही बेताचा ठेवा. ऐंशी डेसिबल आठवड्याला चाळीस तास ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आणि बारीक टिका शोधताना हात नकळत आवाज वाढवत जातो. हेडफोन काढल्यावरही सूं चालूच राहिला तर तो रेकॉर्डचा दोष नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

एका परिचित कुटुंबाने आजोबांच्या संग्रहातल्या नाट्यसंगीताच्या तबकड्या एका दुकानात देऊन पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. आवाज साफ आहे, पण पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. जास्त दाबाने चालवलेल्या फिल्टरची ही ठरलेली खूण. कच्चे ध्वनिमुद्रण दुकानाने ठेवले नव्हते आणि तबकड्या घरच्यांनी रद्दीवाल्याला दिल्या होत्या. आता त्यावर इलाज नाही.

म्हणून काहीही साफ करण्याआधीची प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवा, एमपीथ्री नव्हे तर वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने उतरवलेली चाळीस मिनिटांची एलपी वेव्हमध्ये दीड जीबीच्या आत बसते. एक टीबीच्या डिस्कवर सहाशेहून अधिक मावतात. साफसफाई नेहमी दुसऱ्या प्रतीवर करा. आणि ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’च्या खिडकीत ‘रेसिड्यू’ असा एक पर्याय आहे, तो निवडून बघा. त्यात फिल्टर जे फेकून देणार आहे तेवढेच ऐकू येते. नुसता सूं असेल तर पुढे जा, गाण्याचे शब्द ओळखू यायला लागले तर जोर कमी करा.