अंक दीड महिना उशिरा



अंक दीड महिना उशिरा हातात पडतोय. छपाईचं बिल थकलं होतं, हे चारचौघांत सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे मी बसलो होतो. साफ बसलो होतो. गोदीत ठेकेदाराने आमच्या टोळीतल्या सात जणांना एका सकाळी गेटवरूनच घरी धाडलं. उरलेल्यांच्या अंगावर दोन-दोन पाळ्या. घरी आलो की रात्रभर बापाचा खोकला. मोबाईल उघडावा तर कुठल्या ना कुठल्या गावात आपल्याच माणसाला मारल्याची बातमी. पेन धरलं की वाटायचं, च्यायला, शब्दांनी काय घंटा होणार आहे?

तशात आपल्या अंकात लिहिणाऱ्या एका पोराचा रात्री दोनला फोन आला. "दादा, बस झालं आता. काही बदलत नाही." मी उत्तर दिलं नाही, कारण माझंही मत तेच होतं. फोन ठेवला आणि घाबरलो. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आयुष्यातला पहिला मोर्चा त्याच्यासाठी चाललो. आपण त्याचे फोटो भिंतीभिंतीवर लावले. मला फोटो नको होता रे, रोहित हवा होता.

पाळी सुटली तसा त्या पोराच्या खोलीवर गेलो. समजूत घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं. फळीवर बाबासाहेबांचं चरित्र होतं. चहा घेत दोघं नुसत्या तारखा वाचत बसलो.

जुलै १९२६. राजरत्न गेला. त्याच्याआधी तीन लेकरं गेलेली. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्यातली ती ओंजळ आपण पोस्टरवर रोज बघतो. त्या ओंजळीमागच्या माणसाने नुकतंच पोर मातीआड केलंय, हे पोस्टरवर दिसत नाही. मलाही त्या रात्रीपर्यंत दिसलं नव्हतं.

आणि पाणी प्यालो म्हणजे जिंकलो, असंही नाही. त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम. २५ डिसेंबरला हजारो माणसं तयारीनिशी महाडला आली. मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. पाण्याला हात न लावता माणसं आपापल्या गावी परतली. ती माणसं वाटेत काय बोलली असतील? मला त्यांचंच फार वाटतं. पुढचं पान त्यांना ठाऊक नव्हतं. आपण पुस्तक उलटून बघू शकतो: १७ मार्च १९३७, हायकोर्टाचा निकाल, तळं आपलं. दहा वर्षांना तीन दिवस कमी. मधल्या काळात, मे १९३५ मध्ये, रमाईही गेल्या.

आता यावरून कुणी 'धीर धरा' असा अर्थ काढला तर त्याला आधी आमच्या गेटवर उभा करा. धीर धरा, हे ठेकेदारही सांगतो. त्या दहा वर्षांत कुणी धीर धरून बसलं नव्हतं. महाडनंतर चौदाव्या दिवशी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघालं. पैशाची चणचण, हाताशी माणूस नाही, कॉलमच्या कॉलम बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले. इथे मी छपाईच्या बिलाचं रडगाणं लावून दीड महिना बसलो. लाज वाटली, खरं सांगतो. पण नुसती लाज नाही. आपली हार मी एका महिन्याच्या फूटपट्टीने मोजत होतो, हेही कळलं. ती पट्टी लावली तर डिसेंबर १९२७ ही हारच ठरते.

याने बापाचा खोकला थांबला नाही. सातांपैकी पाच अजून बाहेर आहेत. त्यांच्यासाठी अर्ज लिहितोय, युनियनच्या दारात उभा राहतोय. जमेल का, माहीत नाही.

तो पोरगा पहाटे झोपला. मी त्याच्या दारातच आडवा झालो, उगाच मनाची खात्री म्हणून. आठवड्याने त्याने कविता पाठवली. शेवटच्या पानावर आहे. तिसऱ्या कडव्यात चांगलीच घसरलीय, त्याला सांगितलंय तसं. छापलीय.

आणखी कुणाला रात्री दोनला असं वाटत असेल तर फोन करा. मी तेव्हा जागाच असतो. बुधवार-गुरुवार रात्रपाळी आहे, त्या दोन दिवशी सरळ गेटवर या.