पत्ता आपला, वायर त्यांची

३० नोव्हेंबर २०१७ रोजी न्यूझीलंडमध्ये व्होडाफोनने आपली इमेलसेवा बंद केली. आयहग, पॅराडाइज, क्लिअर अशा जुन्या कंपन्यांच्या खरेदीसोबत तिच्याकडे आलेले पत्तेही त्यात गेले. नवी पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याची सोय दिली गेली, पण खाती गेली ती गेलीच. त्याच वर्षी अमेरिकेत व्हेरायझनने इमेलमधून अंग काढून घेतलं. पत्ता टिकवायचा असेल तर एओएलकडे जा, असं ग्राहकांना सांगितलं. तेव्हा एओएल तिच्याच मालकीची होती. २०२१ मध्ये तीही अपोलो या गुंतवणूक कंपनीकडे गेली. पत्त्यात नाव व्हेरायझनचं आणि पत्रं भलत्याच्याच ताब्यात!

या कंपन्यांचा खरा धंदा वायरीचा. जोडणीसोबत मिळणारा इमेल ग्राहकाला फुकट वाटतो, पण त्यामुळेच तो अडकतो. पलीकडच्या कंपनीचं फायबर स्वस्त आणि वेगवान असलं, तरी बँकेत, विम्यात, प्राप्तिकर खात्यात दिलेला पत्ता जाईल या धास्तीने तो जुन्याच कंपनीचं बिल भरत राहतो. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात २०११ पासून देशभर आहे. इमेलला ती नाही, कारण पत्त्यातला ‘अ‍ॅट’नंतरचा भाग कंपनीच्या मालकीचा असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांना ऑफिसातून आपली खासगी पत्रं पाहता येत नव्हती आणि ऑफिसच्या इमेलवर लिहिलेलं साहेब वाचतील ही भीती होती. त्यातून ब्राउझरवर चालणारं हॉटमेल सुचलं. ते खुलं करायला त्यांनी ४ जुलै १९९६ हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन निवडला. इंटरनेट कुणाचंही असो, पत्ता तोच राहील, ही त्यातली मोठी गोष्ट होती.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं आणि अनेकांचा पहिला पत्ता ‘व्हीएसएनएल’चा झाला. पुढे बीएसएनएलचे ‘संचारनेट’ आणि ‘डेटावन’ आले. दवाखान्याची पाटी, सीएचं लेटरहेड, सोसायटीची नोटीस, सगळीकडे हे पत्ते छापले गेले. कॉलेज किंवा नोकरीतला पत्ताही याच जातीचा. राजीनामा दिला की तो हातचा जातो.

जीमेल, आउटलुक, झोहो, रेडिफमेल यांपैकी काहीही घेतलं तरी वायरीची बेडी सुटते. पण तिथेही नियम आहेत. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. ज्यांचा व्यवसाय पत्त्यावर चालतो, त्यांनी स्वतःचं डोमेनच घ्यावं. मग सेवा देणारी कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. मात्र ते वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नको, स्वतःच्या नावावर हवं आणि त्याचं नूतनीकरण चुकता कामा नये. मुदत टळलेलं डोमेन दुसरा कुणी घेऊ शकतो आणि मग तुमच्या पासवर्ड बदलण्याच्या लिंकाही त्याच्याकडेच जातात.

म्हणून ब्रॉडबँड बदलायच्या विचारात असाल, तर आधी नवा पत्ता काढा. बँक, पीएफ, डीमॅट, विमा सगळीकडे तो नोंदवा, जुनी पत्रं उतरवून घ्या आणि मगच जुनं कनेक्शन तोडायचा अर्ज द्या.