वाटेवरचा निवारा

प्रवासाचे सार्थक इच्छित स्थळी पोहोचण्यातच असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु पायी डोंगर चढणाऱ्याला वाटेवरचा एका रात्रीचा निवारा जे शिकवतो, ते शिखरही शिकवीत नाही.

युरोपातील आल्प्स पर्वताचे उदाहरण घ्यावे. तेथील उंच हिमशिखरे पायथ्यापासून एका दिवसात चढून उतरणे कठीण. शिवाय उन्हाने बर्फ मऊ होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारातच वाट धरावी लागते. म्हणून स्वित्झर्लंडमधील गिर्यारोहकांच्या संघाने स्थापनेच्याच वर्षी, १८६३ साली, ट्योडी पर्वतावर आपली पहिली झोपडी बांधली. आज त्या संघाच्या सुमारे दीडशे झोपड्या आहेत. हिवाळ्यात राखणदार खाली उतरतो, तरी पुष्कळ झोपड्यांतील एक खोली उघडीच असते. येणाऱ्याने चूल पेटवावी, रात्र काढावी, पेटीत पैसे टाकावेत आणि खोली झाडून निघावे, अशी तेथील रीत. पाहणारा कोणी नसतानाही ती पाळली जाते, यातच त्या झोपडीचे खरे बळ आहे.

धाराशिव जिल्ह्यात हिमशिखरे नाहीत. पण बालाघाटाचे डोंगर आहेत, आणि पांथस्थाला आसरा देण्याची परंपराही आहे. दसऱ्यानंतर तुळजाभवानीची श्रमनिद्रा सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेसाठी सोलापूरकडून व कर्नाटकातून हजारो भाविक पायी तुळजापूरचा घाट चढतात. सोलापूरपासूनची वाट सुमारे ४५ किलोमीटरांची. पाय सुजतात, खांद्यावरची पडशी जड होते. अशा वेळी धर्मशाळेची ओवरी राजवाड्याहून थोर वाटते. तेथे सावकार आणि सालगडी एकाच फरशीवर पाठ टेकतात. फडक्यातली भाकरी सुटते आणि अनोळखी शेजाऱ्यापुढे केली जाते.

मोटारीने तासाभरात जाता येत असता हे कष्ट कशाला, असे कोणी विचारील. मोटार माणसाला देवळापर्यंत नेते, हे खरे. पण माणसाला माणसाजवळ नेते ती पायवाटच.

दुःख एवढेच, की रात्री ज्या निवाऱ्याने पाठ टेकू दिली, त्याच निवाऱ्यात सकाळी उष्ट्या पत्रावळी आणि रिकाम्या बाटल्या पडलेल्या दिसतात. नळ उघडाच वाहत असतो. हा जिल्हा अवर्षणाचा. उन्हाळ्यात येथील कित्येक गावे घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. तेथे पाणी सांडणे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घोट सांडणे होय. ‘पैसे दिले, आता सफाई दुसऱ्याने करावी,’ हा युक्तिवाद लंगडा आहे. पैशाने जागेचे भाडे फिटते. जागेचे ऋण फिटत नाही.

हे ऋण निवारा बांधणाऱ्याला परत करता येत नाही, कारण तो बहुधा भेटतच नाही. ते फेडायचे असते उद्या येणाऱ्या अनोळखी वाटसरूला. निघताना हाती घेतलेला केरसुणीचा एक फेर, घट्ट बंद केलेला नळ आणि कोपऱ्यात भरून ठेवलेली घागर, एवढ्यानेही ते फिटते. ज्याला हे कळले, त्याची यात्रा देवळाच्या पायरीआधीच सफल झाली.